नाखव्यांची मोकळी पट्टी

कामोठ्यात राहत्या घरीच माझा गणिताचा क्लास आहे आणि क्लासच्या दाराशी एक पत्र्याचा डबा आहे. आत येणाऱ्याने आपला मोबाइल त्या डब्यात टाकायचा आणि मगच सतरंजीवर बसायचं. मी चिडकी बाई आहे, हे आमच्या सेक्टरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कॉम्प्युटरवरच्या खेळांचा तर मला मनापासून तिटकारा. तेव्हा एक्काहत्तर वर्षांच्या एका माणसाने खेळात उभारलेला कारखाना मी सहा महिने रोज जाऊन बघत होते, हे कळलं तर माझीच पोरं मला हसतील. हसोत बापडी.

हसुराम नाखवा हे माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या सुनीताचे वडील. राहणार करंजा, म्हणजे उरणजवळचं मासेमारीचं बंदर. तरुणपणी ते होडीवर होते, मग तीस वर्षं जासईच्या एका कंटेनर यार्डात. कुठला कंटेनर कुठे ठेवायचा, कशावर कुठला चढवायचा आणि ट्रक आला की कमीत कमी उचलाउचलीत हवा तोच कसा बाहेर काढायचा, हे ठरवणं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी बंदरावर जाऊन मासळीचा लिलाव बघायचे. तिथेच एके दिवशी ओल्या लादीवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. बायको आधीच गेलेली. शेजारी भावाचं घर होतं, पण सुनीताने कुणाचं काही ऐकलं नाही, ऑपरेशन झालं की बापाला थेट कामोठ्याला घेऊन आली. जावई जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने घरी नसतो. म्हणजे घरात ही दोघंच.

पहिला महिना नाखव्यांनी गॅलरीत काढला आणि सगळ्या गल्लीला हैराण केलं. खाली रिक्षास्टँड आहे. चौथ्या मजल्यावरून हे ओरडून सांगायचे की ती तिसरी रिक्षा मागे घे, नाहीतर पहिलीला निघता येणार नाही. पाण्याच्या टँकरवाल्याला म्हणे, तोंड फिरवून उभा कर. टँकरवाला एकदा वर बघून काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. गंमत म्हणजे त्याने दुसऱ्या दिवशी टँकर तोंड फिरवूनच उभा केला. पण सुनीताच्या कानावर तक्रारी यायला लागल्या, आणि बापाला गॅलरीतून उठवायचं म्हणून तिने नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर असलेला एक खेळ त्यांना लावून दिला.

खेळ असा, की एका ओसाड ग्रहावर तुम्ही एकटे पडलेले. लोखंड खणायचं, तांबं खणायचं, कोळसा जाळून वीज करायची, यंत्रं मांडायची, यंत्रांना माल पोचवणारे सरकते पट्टे घालायचे, यंत्रांकडूनच आणखी यंत्रं बनवून घ्यायची, आणि असं वाढवत वाढवत शेवटी एक रॉकेट तयार करून उडवायचं. कारखान्याच्या धुराने चिडून तिथले किडे हल्ला करतात. नाखवा त्यांना खेकडे म्हणत. पट्ट्यावरचा माल उचलून यंत्रात टाकणारे यांत्रिक हात असतात, त्यांना ते खलाशी म्हणत. "माजे दोन खलाशी नुसते उभे हायत," असं त्यांनी चिंतेने सांगितलं, की समजायचं कुठेतरी माल अडला.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती भांडायला. माझा दहावीचा वर्ग चालू आणि समोरून खेकड्यांवर गोळीबार! मी तणतणत दार वाजवलं. नाखव्यांनी मागे वळूनसुद्धा न बघता म्हटलं, या मास्तरीणबाय, बसा, हा लोखंड कुठे अडकलाय बघा जरा. मी म्हणे मास्तरीणबाय! माझं तोंड उघडं ते उघडंच. पण मी बघितलं. आणि बघितलं तिथेच फसले. एक खाण मिनिटाला किती लोखंड काढते, एक भट्टी किती वितळवते, मग एका खाणीवर किती भट्ट्या जगतील, हे सरळ सरळ त्रैराशिक होतं. हातात पेन होतंच, त्याने मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर मांडून दिलं. भांडण राहिलंच. तिकडे माझी पोरं डब्यातून आपापले मोबाइल काढून बसली होती.

त्यांचा एकच नियम होता आणि तो ते यार्डातून घेऊन आले होते.

"पयली जागा सोराची, मंग मशीन ठेवाची."

सोराची म्हणजे सोडायची. त्यांच्या बोलण्यात ड आणि ढ चा र व्हायचा, त्याची मला आठवड्याभरात सवय झाली. यार्ड काठोकाठ भरलं की खालचा कंटेनर काढायला वरचा ठेवायचा कुठे? म्हणून एक रांग कायम रिकामी ठेवायची, साहेब कितीही ओरडला तरी. कारखान्यातही त्यांनी तेच केलं. मधून चार मोठे पट्टे सरळ नेले, सगळी यंत्रं एका अंगाला मांडली, आणि दुसऱ्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत बारा चौकटी रुंद पट्टी मोकळी सोडली. मला ती उधळपट्टी वाटायची. मी म्हटलंही तसं. पण पुढे पाचवा पट्टा घालायची वेळ आली, तेव्हा दुसऱ्या कुणाला अर्धा कारखाना उखडावा लागला असता, नाखव्यांनी पाच मिनिटांत घातला. आणि लगेच बाहेरच्या बाजूला तेवढीच नवी पट्टी मोकळी केली. वापरली की दुसरी सोडायची, हा नियमाचा उरलेला भाग.

अशा माणसाचा कारखाना बंद पडावा तो खेकड्यांमुळे नव्हे, करंजामुळे. झालं असं, की नाखव्यांना बेगमीची सवय. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, म्हणून कोळ्यांच्या घरी उन्हाळ्यातच सुकी मासळी भरून ठेवतात. डबे भरलेले असले की घरच्या बाईचा जीव थाऱ्यावर. त्याच हिशेबाने नाखव्यांनी एका दिवशी वीजघराच्या अलीकडे कोळशासाठी चाळीस पेट्या मांडल्या. कोळसा आधी पेट्यांत जाणार, पेट्या भरल्या की पुढे बॉयलरला. पेट्या केवढ्या मोठ्या आहेत याचा अंदाज घेतलाच नाही. पेट्या कोळसा गिळत बसल्या आणि पुढे बॉयलर विझायला लागले. वीज कमी झाली तसे खलाशी मंदावले, खलाशी मंदावले तसा कोळसा आणखी कमी, की वीज आणखी कमी. बघता बघता सगळा कारखाना काळोखात. नाखवा कपाळाला हात लावून बसले होते. मग एकदम हसायला लागले, इतके की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, मास्तरीणबाय, या गावाला पावसाळाच नाय आणि मी येड्यासारखा बेगमी भरतोय. दोन दिवस स्वतः कोळसा नेऊन बॉयलरमध्ये टाकत त्यांनी वीजघर पुन्हा पेटवलं. चाळीसातल्या एकोणचाळीस पेट्या काढल्या. एक ठेवली. मी कारण विचारलं तर म्हणाले, सवय अशी जाते होय.

आता मूळ गोष्ट. त्यांना करंजाला परत जायचं होतं. रोज सकाळी हाच विषय, आणि सुनीताचं रोज एकच उत्तर, की पाय बरा होऊ दे. डॉक्टर पाय बरा म्हणाले, तर मग थंडी जाऊ दे. एकदा मी वाटीभर कढी घेऊन गेले होते, तेव्हा हेच चाललं होतं आणि सुनीता वैतागून बोलून गेली, की आधी ते रॉकेट उडवा, मग खुशाल जा करंजाला, मी स्वतः सोडून येते. नाखव्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "तुमी ऐकला. तुमी साक्षीदार." सुनीता हसली. मीही हसले. ते हसले नाहीत.

त्या दिवसापासून त्यांनी खेळाकडे नोकरी म्हणून बघायला सुरुवात केली. सकाळी नऊला बसत, एकला जेवत, चारला उठत. तांब्याची खाण आटली तर लांबच्या डोंगरापलीकडे दुसरी खाण शोधून रूळ टाकून आगगाडी आणली. कुठे काय अडतं ते शोधायची त्यांची तऱ्हा मला फार आवडायची. जिथे गर्दी दिसते तिथे ते बघतच नसत. रिकामं कोण उभं आहे ते आधी शोधत, आणि तिथून मागे मागे जात.

हीच तऱ्हा त्यांनी आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला दाखवली. तीनशे माणसांचं जेवण, आणि पहिल्या पंगतीलाच पुऱ्यांवाचून सगळे खोळंबले. सेक्रेटरी ओरडत होते की वाढपी वाढवा, वाढपी वाढवा. नाखवा कोपऱ्यात वॉकर घेऊन खुर्चीवर. त्यांनी मला बोलावून सांगितलं की वाढप्यांना सोडा, तो तळणारा झारा घेऊन रिकामा उभा आहे तिकडे बघा. खरंच की! कढई उकळत होती आणि लाटणाऱ्या बायका दोनच. मी वाढप्यांतली चार धडधाकट मुलं काढून लाटायला बसवली, माझ्या क्लासचीच होती, हूं का चूं करायची त्यांची बिशाद नव्हती. पुऱ्या नकाशासारख्या झाल्या, पण झाल्या. शिवाय नाखव्यांनी पंगतींच्या मधली खुर्च्यांची एक रांग उचलायला लावली, रिकाम्या बादल्या परत जायला. सेक्रेटरींनी वीस खुर्च्या वाया गेल्या म्हणून तोंड वाकडं केलं. जेवणं तासभर आधी आटोपली तेव्हा तेच सेक्रेटरी लोकांना सांगत होते की आपण यंदा नियोजन चोख ठेवलं होतं. नाखवा बासुंदी खात बसले होते, त्यांना काय त्याचं.

जानेवारीत रॉकेट हाताशी आलं आणि तेव्हाच एक नवं लचांड सुरू झालं. रोज सकाळी मी नाखव्यांना खाली बिल्डिंगभोवती चार फेऱ्या मारायला घेऊन जायची, वॉकर सुटून काठी आली होती. फेऱ्या मारून वर आले की कारखान्यात काहीतरी अडलेलं असायचं. कुठल्यातरी पट्ट्याचा एक तुकडा गायब. आज लोखंडाच्या, उद्या तांब्याच्या. ते तुकडा बसवायचे, दुसऱ्या दिवशी दुसरीकडचा गेलेला. मी म्हटलं, खेकडे असतील. त्यांनी चौथी फेरी पुरी केली. मग जिन्याशी थांबून म्हणाले, खेकडा येतो तो कडेचं तोडतो आणि दहा वस्तू मोडून जातो. हा मधोमध येतो, एकच तुकडा काढतो आणि तोही जपून, बाजूच्या खलाशाला धक्का लागू देत नाही.

"ह्यो खेकरा शिकलेला हाय, मास्तरीणबाय. आनि आमी खाली असलो का येतो."

मला तेव्हा कुठे उमगलं. घरात त्या वेळी एकच माणूस असायचं, ऑफिसला निघायच्या आधी डबा भरणारं. माझा पाराच चढला. म्हटलं, मी आत्ता जाऊन बोलते तिच्याशी, ही काय रीत झाली. त्यांनी काठी आडवी धरली. म्हणाले, बोलू नका, तिला तिचं काम करू दे. आणि तीन आठवडे हे असंच चाललं. लेक सकाळी तुकडा काढायची, बाप नऊ वाजता बसवायचा. दोघं रात्री शेजारी बसून जेवायची आणि गप्पा मासळीच्या भावाच्या.

एके सकाळी फेऱ्या मारता मारता त्यांनी सांगितलं की करंजाला घरापासून बंदरावर जाईपर्यंत चाळीस जण हाक मारतात. कोणी चहाला, कोणी शिव्या घालायला. "हितं मना कोन हाक मारत नाय." आणि लगेच म्हणाले, पण मी गेलो की सुनीच्या घरातही कोणी हाक मारणार नाही, ते काय मला कळत नाही? नवरा समुद्रावर, ऑफिसातून येऊन कुलूप उघडायचं. मी हजरजबाबी समजते स्वतःला, पण त्या दिवशी चार फेऱ्यांच्या पाच झाल्या तेही माझ्या ध्यानात आलं नाही. रडूच आलं होतं, खरं सांगायचं तर.

त्याच दिवशी त्यांनी मला कामाला लावलं. खेळात पाटी लावता येते, तिच्यावर लिहिता येतं. त्यांना टाइप करता येत नव्हतं. त्यांनी मधल्या पट्ट्याशेजारी एक पेटी ठेवली आणि पाटीवर लिहायचा मजकूर मला सांगितला. मी तो जसाच्या तसा लिहिला: "सुनी, कारलेले तुकरे ह्या पेटीत ठेव. वाया घालवू नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही फेऱ्या मारून वर आलो तर सुनीता ऑफिसला गेलीच नव्हती. कॉम्प्युटरसमोर बसली होती, ओढणी नाकाला लावून, आणि हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही ठाऊक नसावं. पेटीत एकोणीस तुकडे होते. एकही टाकला नव्हता पोरीने, सगळे जपून ठेवले होते. नाखव्यांनी पेटी उघडून बघितली आणि मान हलवली, यार्डात मोजणी जमल्यावर हलवत असतील तशी. मी दारातूनच परत फिरत होते तर दोघंही एकदम म्हणाली, थांबा. साक्षीदार ना मी.

"बाबा, तिकडे पुन्हा पडलात तर?" सुनीता म्हणाली. एवढंच होतं तिच्या मनात, सहा महिने.

"परलो तं उचलाला अख्खा करंजा हाय. हितं परलो तं तू ऑफिसात. बग तूच."

तिने ओढणीने डोळे पुसले. मग तिने स्वतःच्या हाताने त्या दिवशीचा तुकडा, विसावा, जागेवर बसवला. पट्टा सरकायला लागला. खलाशी हलले. माल पुढे गेला. दुपारी अडीच वाजता रॉकेट पुरं झालं आणि नाखव्यांनी तिला म्हटलं, तू दाब. तिने बटण दाबलं. धूर निघाला, रॉकेट वर गेलं, आणि मी, मोबाइलचा डबा ठेवणारी बाई, शेजारचे बाहेर येतील इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या. नाखवा पडद्याकडे बघत होते ते रॉकेटकडे नव्हे. खाली कारखान्याच्या कडेला त्यांनी शेवटची मोकळी पट्टी सोडली होती तिच्याकडे. रॉकेट झालं, आता ती कशाला, असं मी विचारलं. असू द्या, म्हणाले.

सुनीताने शब्द पाळला. त्याच आठवड्यात त्यांना करंजाला सोडून आली, वॉकर, काठी, गोळ्यांचा डबा आणि भावजयीला द्यायच्या सूचनांचा कागद घेऊन. जिना उतरताना नाखव्यांनी मला सांगितलं की रिक्षास्टँडकडे लक्ष ठेवा. मी ठेवते. परवाच एकाला रिक्षा मागे घ्यायला लावली.

मार्चमध्ये सुके बोंबील आणायचं निमित्त काढून मी एका बुधवारी करंजाला गेले. घर विचारावं लागलं नाही, नाखव्यांचा आवाज लांबूनच आला. त्यांच्या अंगणात आणि भावाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बांबूंवर बोंबील, जमिनीवर जाळ्यांवर जवळा, कठड्यावर, पायरीवर, जुन्या खाटेवरसुद्धा मासळी. सीझन ऐन भरात होता. आणि या सगळ्यातून रस्त्यापासून थेट दारापर्यंत एक सरळ पट्टी मोकळी. स्वच्छ झाडलेली. त्यांची भावजय माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आली, की इथे आम्हाला बोंबील टाकायला जागा नाही, शेजाऱ्याचं अंगण मागून घेतलंय, आणि भावोजी एवढी जागा अडवून बसलेत. पोरगी येते रविवारची स्कूटर घेऊन. आज बुधवार!

नाखवा ओट्यावर बसले होते, चेहऱ्यावर करंजाचं ऊन चढलेलं, तब्येत झकास. मला बघून कोण आनंद झाला त्यांना. चहा सांगितला, कोण कोण हाक मारतं त्याची यादी सांगितली, सुनीने कारखान्याचं दुसरं रॉकेट कुठवर आणलंय ते सांगितलं. म्हणजे ती आता खेळत होती, त्यांच्याच कारखान्यात, आणि दर रविवारी येऊन हिशेब देत होती. ऊन फार होतं. मी बोलता बोलता हातातली जड पिशवी समोरच्या त्या मोकळ्या जमिनीवर टेकवली.

नाखव्यांनी काठी उचलून पिशवीकडे रोखली.

"मास्तरीणबाय, पिशवी तितं नका ठेवू. ती जागा सुनीची हाय."

माझ्या क्लासात माझ्यासमोर कुणाची बोलायची हिंमत होत नाही. मी मुकाट्याने पिशवी उचलली आणि मांडीवर घेऊन बसले.